स्थळापासून संकेतस्थळापर्यंत : ॲपवर जोडीदार शोधण्यापूर्वी

सेलू (जि. परभणी) - स्थळ पाहायचे म्हटले की मामाच्या कानावर घालायचे, आत्याने सासरच्या गावी चौकशी करायची आणि मध्यस्थाने दोन्ही घरांचा मेळ घालायचा, ही मराठवाड्यातील जुनी रीत. पुढे तिच्या जोडीला वृत्तपत्रांतील वधू-वरविषयक छोट्या जाहिराती आल्या, समाजाचे परिचय मेळावे आले, संकेतस्थळे आली आणि आता मोबाइलवरील डेटिंग ॲपही आली आहेत. शिक्षण-नोकरीसाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर वा हैदराबाद गाठलेल्या तरुणांना गावाकडची ओळखीची साखळी अपुरी पडते. सेलूतच राहिलेल्यांपुढे निवडीला वाव थोडा असतो. त्यामुळे दोघेही मोबाइलकडे वळतात आणि दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. दीर्घकाळच्या नात्यासाठी, संसारासाठी माणूस शोधायचा असेल तर कोणते ॲप निवडावे?

या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींत किंवा ॲपला मिळालेल्या ताऱ्यांत सापडत नाही. ते तीन साध्या गोष्टींवर अवलंबून आहे. तेथे येणाऱ्यांचा हेतू काय असतो, त्यांची ओळख किती तपासली जाते आणि आपल्या टप्प्यात त्यांपैकी कितीजण येतात. या तिन्ही कसोट्यांना उतरलेले ॲपही केवळ ओळख करून देते. चौकशीचे काम पूर्वीइतकेच शिल्लक राहते, आणि बहुतेक फसगती हे काम सोडून दिल्यामुळे होतात.

निवडीचा प्रश्न गंभीर का?

हा विषय केवळ शहरी हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ वर आली आणि २०११ मध्ये ८९४ झाली. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हा आकडा अवघा ८०७ होता. २००१ मधील ती बालके आता लग्नाच्या वयात आली आहेत. सोलापूर येथे डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, डोक्याला बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला आणि गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची कठोर अंमलबजावणी करण्याची मागणी केली. त्या मोर्चाची देशभर चर्चा झाली, काहींनी चेष्टाही केली. मात्र शेती करणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या मुलांना स्थळ मिळत नाही, ही त्यामागची व्यथा खरी आहे.

मुलींची बाजूही तितकीच अवघड आहे. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' हा मराठी चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखविण्यात आला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलीला पाटावर बसवून उंची, रंग, शिक्षण विचारणाऱ्या मंडळींचे चित्र त्यात आहे. सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावाला ते परके वाटण्याचे कारण नाही. प्रश्न विचारण्याची संधी मुलीलाही मिळते, हे ॲपचे खरे आकर्षण आहे. ती संधी वाया न घालविण्याचे भानही तितकेच हवे.

दोन वेगळ्या बाजारपेठा

विवाह जुळविणारी संकेतस्थळे आणि डेटिंग ॲप यांत अनेकदा गल्लत होते. दोन्हींचा हेतू आणि घडण वेगळी आहे.

पहिल्या प्रकारात 'शादी डॉट कॉम', 'भारतमॅट्रिमोनी' व तिचाच भाग असलेले 'मराठीमॅट्रिमोनी', तसेच 'जीवनसाथी' ही नावे येतात. ही सारी मंडळी इंटरनेटच्या भारतातील आरंभकाळापासून या व्यवसायात आहेत. पुण्यातील 'अनुरूप' ही विवाहसंस्था तर १९७५ पासून काम करीत असून तिने पुढे संकेतस्थळाचा मार्ग धरला. येथे माहिती अर्जासारखी भरावी लागते. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उत्पन्न, जात, कुंडली, कुटुंब असा तपशील असतो. अनेकदा ती आई-वडील किंवा मोठा भाऊ भरतो. हेतू स्पष्ट असतो, पण निवड रकान्यांनी होते. उत्पन्नाच्या रकान्यात ठराविक आकडा टाकला की दहा एकर बागायती असलेला मुलगा यादीतून नाहीसा होतो आणि वयाची अट एका वर्षाने ओलांडणारी मुलगी दिसतच नाही.

दुसऱ्या प्रकारात 'टिंडर', 'बम्बल', 'हिंज' ही परदेशी आणि 'आयल', 'ट्रुलीमॅडली' ही भारतीय ॲप येतात. येथे नोंदणी व्यक्ती स्वतः करते. छायाचित्रे आणि चार ओळींचा परिचय दिसतो. दोघांनीही पसंती दर्शविली तरच बोलण्याची वाट खुली होते. जात वा कुंडलीला येथे सहसा अग्रक्रम नसतो. मात्र येथे येणाऱ्यांचे हेतू सरमिसळ असतात. कोणी लग्नासाठी येतो, कोणी मैत्रीसाठी, तर कोणी केवळ वेळ घालविण्यासाठी.

डेटिंग ॲपमध्येही फरक आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले 'टिंडर' चेहरा पाहून उजवीकडे वा डावीकडे सारण्याच्या पद्धतीमुळे गाजले. तेथे गर्दी मोठी असते, पण हेतूची खात्री कमी. 'बम्बल'ने पहिला संदेश स्त्रीनेच पाठवायचा, असा नियम ठेवून आपले वेगळेपण जपले. २०२४ पासून स्त्रीने आधीच एक प्रश्न ठरवून ठेवावा आणि पुरुषाने त्याचे उत्तर द्यावे, अशीही सोय तेथे झाली. 'हिंज'वर छायाचित्रांबरोबर छोट्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, नात्याबाबतचा हेतू नोंदविता येतो आणि फुकट वापरणाऱ्यास दिवसाकाठी मोजक्याच पसंती देता येतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'आयल'ने गंभीर नात्याच्या शोधात असलेल्या भारतीयांसाठी, अशी आपली ओळख सांगितली आहे.

नावे अनेक असली तरी मालक थोडे आहेत. 'टिंडर' आणि 'हिंज' या दोन्हींची मालकी अमेरिकेच्या मॅच ग्रुपकडे आहे. 'जीवनसाथी' चालविणाऱ्या इन्फो एज या कंपनीने २०२२ मध्ये 'आयल'मधील बहुसंख्य हिस्सा घेतला. एका ॲपवर जमले नाही म्हणून दुसरे घेताना हे ध्यानात असावे.

सेलूतून पाहिले तर

महानगरात बसून दिलेला सल्ला तालुक्याच्या गावी जसाच्या तसा लागू पडत नाही. डेटिंग ॲप मुख्यतः अंतरावर चालतात. वापरणारा जेथे आहे, तेथून ठराविक किलोमीटरच्या आतील माणसे ती दाखवितात. सेलूत बसून ही मर्यादा पन्नास किलोमीटर ठेवली तर जिंतूर, पाथरी, मानवत, परतूर हा टापू येतो आणि काही वेळातच यादी संपते. 'टिंडर'वर ही मर्यादा सुमारे १६० किलोमीटरपर्यंत नेता येते. तेवढ्यात छत्रपती संभाजीनगर येते, पुणे येत नाही. दुसऱ्या शहरातील माणसे पाहण्याची सोय बहुतेक ठिकाणी पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव असते.

वास्तविक सेलूतील तरुणाईचा वावर मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाच्या दोन्ही टोकांकडे आणि पुण्याकडे आहे. कामानिमित्त त्या शहरांत असताना ॲप वापरणे आणि गावात असताना गाव, जिल्हा व समाज यांवरून शोध घेता येणाऱ्या विवाहविषयक संकेतस्थळावर भर देणे, ही विभागणी व्यवहार्य ठरते. अंतर ही अडचण नसेल, पण लग्नानंतर कोठे राहायचे हा प्रश्न मोठा असेल, तर तो परिचयातच लिहावा. 'सेलूत स्थायिक, शेती व दुकान' किंवा 'पुण्यात नोकरी, आई-वडील गावी' एवढी एक ओळ अनेकांचा वेळ आणि मनस्ताप वाचविते.

लहान गावात आणखी एक काळजी असते, ती बोभाट्याची. ॲपवर दिसलेला मुलीचा फोटो संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरू शकतो. फोनमधील ओळखीचे क्रमांक आधीच वगळण्याची सोय 'टिंडर'वर आहे. विवाहविषयक संकेतस्थळांवर फोटो केवळ संमती दिलेल्यांनाच दिसावा, अशी निवड करता येते. नोंदणी केल्यावर पहिल्यांदा या सोयी तपासाव्यात, फोटो नंतर टाकावेत. घराचा दरवाजा, दुकानाची पाटी, महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा गाडीचा क्रमांक दिसेल असा फोटो टाळलेलाच बरा.

निळी खूण काय सांगते?

परिचयाशेजारी दिसणारी निळी खूण पाहून अनेकजण निश्चिंत होतात. ही खूण बहुधा इतकेच सांगते, की फोन हाती असलेल्या व्यक्तीचा चेहरा टाकलेल्या फोटोशी जुळतो. काही ठिकाणी सरकारी ओळखपत्रही तपासले जाते. म्हणजे नाव आणि वय खरे असण्याची शक्यता वाढते. ती व्यक्ती अविवाहित आहे, सांगितलेल्या कंपनीत कामाला आहे, तिच्यावर कर्ज नाही वा गुन्हा नाही, यांपैकी काहीही ती खूण सांगत नाही.

केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी करणाऱ्याकडून विवाहाच्याच हेतूने येत असल्याचे घोषणापत्र घ्यावे, ओळख व पत्त्याचे पुरावे घेऊन पडताळणी करावी, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करावा आणि आपले संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असे ठळकपणे सांगावे, असे त्यात म्हटले आहे. खाते बंद झाल्यावरही वर्षभर त्याच्या वापराच्या तांत्रिक नोंदी जपून ठेवण्याचे बंधन त्यात आहे. या सूचना डेटिंग ॲपसाठी नाहीत. विवाहाचा हेतू पक्का असलेल्या व्यक्तीस, विशेषतः घरातील ज्येष्ठांच्या सहभागाने शोध घेणाऱ्यांस, पहिला प्रकार का सोयीचा ठरतो याचे हे एक कारण आहे.

पैसे कशाचे?

बहुतेक ॲप फुकट उतरवून घेता येतात, पण उपयोगाच्या सोयींना पैसे पडतात. विवाहविषयक संकेतस्थळांवर समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक मिळविण्यासाठी, तर डेटिंग ॲपवर आपल्याला कोणी पसंत केले ते पाहण्यासाठी किंवा आपला परिचय पुढे आणण्यासाठी वर्गणी भरावी लागते. आधी महिनाभर फुकट वापरून, आपल्या शिक्षणाची, वयाची आणि भागातील किती माणसे दिसतात ते मोजावे. दहाही सापडत नसतील तर वर्गणी भरून त्यांची संख्या वाढत नाही.

वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फोनमधून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबते, असा समज चुकीचा आहे. ती प्ले स्टोअर वा ॲप स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. तसेच ॲप काढले तरी परिचय तेथेच राहतो. लग्न ठरल्यावर खाते रीतसर बंद केले नाही, तर साखरपुड्यानंतर आपला फोटो तेथे दिसून नको तो गैरसमज होतो.

'इतक्या दिवसांत लग्न जमवून देतो' असे तोंडी आश्वासन देणाऱ्या संस्थेकडून ते लेखी घ्यावे. बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये अशाच प्रकरणात एका संस्थेला दणका दिला होता. मुलासाठी ४५ दिवसांत वधू शोधून देण्याच्या बोलीवर तीस हजार रुपये घेऊन एकही स्थळ न दाखविणाऱ्या या संस्थेला ती रक्कम आणि नुकसानभरपाई मिळून साठ हजार रुपये देण्याचा आदेश झाला.  अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

फसवणुकीच्या तऱ्हा

फसविणाऱ्यांच्या युक्त्या ठराविक आहेत. परदेशातील डॉक्टर वा अभियंता असल्याचे सांगून ओळख वाढवायची, भेटवस्तू पाठविल्याचे कळवायचे आणि मग विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या नावाने फोन करून पैसे मागायचे, ही जुनी तऱ्हा. शेअर वा आभासी चलनात गुंतवणूक करायला शिकविणे, आरंभी थोडा नफा दाखविणे आणि मोठी रक्कम भरताच नाहीसे होणे, ही नवी. व्हिडिओ कॉलवर नको ते चित्रण करून धमकाविणे, ही तिसरी. ग्रामीण भागात चौथीही आढळते. मुली मिळत नाहीत या हतबलतेचा फायदा घेऊन दलाल लाखांची रक्कम घेतात, घाईने लग्न लावतात आणि काही दिवसांत नवरी दागिन्यांसह पसार होते. तिचे नाव, गाव, नातेवाईक सारेच बनावट असल्याचे तेव्हा कळते.

या चारही प्रकारांत दोन गोष्टी सारख्या असतात, घाई आणि पैसा. लग्नापूर्वी कोणत्याही निमित्ताने, आजारपणाच्या नावाखाली का होईना, पैसे मागितले गेले की तेथेच थांबावे. मागणाऱ्याचा फोटो कितीही देखणा असो आणि शब्द कितीही गोड असोत, हा नियम मोडू नये. रक्कम गेलीच असेल तर संकोच न करता तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर पैसे पुढे जाण्यापूर्वी बँकेत रोखले जाण्याची शक्यता अधिक असते. अब्रूच्या भीतीने गप्प बसणारा माणूसच फसविणाऱ्याला हवा असतो.

ओळखीपासून चौकशीपर्यंत

ॲपवर जुळल्यानंतरचा क्रम ठरवून घ्यावा. आठवडा-दोन आठवडे लेखी संवाद, मग फोन, मग समोरासमोर दिसेल असा व्हिडिओ कॉल आणि त्यानंतर दिवसाउजेडी, वर्दळीच्या ठिकाणी भेट. कोठे व कोणाला भेटणार, हे घरातील वा मैत्रीतील एका तरी विश्वासू व्यक्तीला सांगून जावे. जाण्या-येण्याची व्यवस्था आपली आपण करावी. महिनोन्महिने केवळ संदेश पाठविणारी, पण फोन आणि भेट टाळणारी व्यक्ती बहुधा संसाराच्या विचाराची नसते.

भेटीत कठीण प्रश्न टाळू नयेत. लग्नानंतर राहायचे कोठे, आई-वडिलांची जबाबदारी कोण व कशी घेणार, पत्नीची नोकरी सुरू राहणार का, घरावर वा शेतीवर कर्ज किती, मुले हवीत का, एखादा आजार आहे का, हे सारे विचारण्यासारखेच आहे. पाटावर बसलेल्या मुलीला हे विचारता येत नव्हते. येथे ते दोघांनाही विचारता येते.

त्यापुढे जुनी चौकशी कामाला येते. नोकरीच्या ठिकाणी ओळख काढणे, गावी जाऊन घर पाहणे, शेजाऱ्यांशी बोलणे, सातबारा पाहणे यांना पर्याय नाही. मात्र चौकशी म्हणजे मुलीच्या चारित्र्याबद्दल गल्लीत कुजबुज नव्हे. मुलाची नोकरी, व्यसन, पूर्वीचे लग्न हेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. समोरची व्यक्ती घटस्फोटित असल्याचे सांगत असेल, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत पाहावी. 'खटला सुरू आहे' याचा अर्थ घटस्फोट झालेला नाही, इतका सरळ आहे.

कायद्याचा आधार

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा इरादा नसताना लग्नाचे वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिले लग्न लपवून दुसरे लग्न करणाऱ्यासही कलम ८२ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भिन्नधर्मीय जोडप्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येते. त्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य लागते आणि नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते. दोन सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने केलेल्या लग्नात खाप पंचायतींना वा समाजाच्या जमावाला आडकाठी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

निवडण्यापूर्वी सात प्रश्न

- येथे येणाऱ्यांचा हेतू लग्नाचा आहे की सरमिसळ? हेतू नोंदविण्याची सोय आहे का?
- ओळखपत्र तपासले जाते, की केवळ चेहरा?
- आपल्या वयाची, शिक्षणाची आणि भागातील किती माणसे फुकट वापरात दिसतात?
- फोटो कोणाला दिसावा, हे आपल्याला ठरविता येते का?
- तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दिलेला आहे का?
- वर्गणी किती, किती दिवसांची आणि ती रद्द कशी करायची?
- खाते कायमचे बंद करून माहिती पुसून टाकता येते का?

या सातपैकी पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते ॲप वापरून पाहण्यास हरकत नाही. एका वेळी दोनांपेक्षा अधिक ठिकाणी नोंदणी करू नये. एक विवाहविषयक संकेतस्थळ आणि हेतू स्पष्ट नोंदविता येणारे एक डेटिंग ॲप इतके पुरेसे आहे. सहा महिन्यांत एकही भेटीपर्यंत पोहोचणारी ओळख झाली नाही, तर ॲप बदलण्यापूर्वी आपला परिचय आणि आपल्या अटी पुन्हा वाचून पाहाव्यात.